सूचना-हरकत म्हणजे काय? सौरऊर्जा आणि पर्यावरणाच्या निर्णयांत जालन्यातून तुमचं म्हणणं कसं नोंदवाल

वीज महागली की आपण काय करतो? बिलाचा फोटो काढतो, स्टेटसला ठेवतो, चार मित्र रागाची इमोजी टाकतात आणि २४ तासांनी स्टेटस उडून जातं. हवेत धूळ वाढली, गावाच्या गायरानावर सोलर प्रकल्प येतोय असं कळलं, तरी साधारण हेच होतं.

विजेचे दर, छतावरच्या सोलरचे नियम, मोठ्या प्रकल्पाची पर्यावरण परवानगी असे बरेच निर्णय होण्याआधी सरकारी यंत्रणेला लोकांचं म्हणणं मागवावं लागतं, असं कायदाच सांगतो. त्यासाठी जाहिरात निघते, तारीख ठरते. त्या तारखेच्या आत, ठरलेल्या जागी, लेखी आलेलं म्हणणं नोंदीवर जातं. रील कितीही व्हायरल झाली तरी ती त्या फाइलमध्ये आपोआप पोचत नाही.

हे काम आता बऱ्याच अंशी मोबाईलवरून होतं. जालना जिल्ह्यातल्या तरुणांना डोळ्यासमोर ठेवून ते कसं करायचं हे या लेखात बघू. महाराष्ट्रात इतरत्र राहत असाल तरी पद्धत हीच आहे.

जालन्यात हा विषय का महत्त्वाचा?

जालना म्हटलं की बियाणं आणि स्टील. इथल्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार करणारे कारखाने आहेत आणि या भट्ट्या विजेवर चालतात. त्यामुळे विजेचा दर हा कारखानदाराचा प्रश्न आहे, तसाच तिथे शिफ्टला जाणाऱ्या कामगाराच्या पगाराचाही आहे.

हवा हा दुसरा मुद्दा. केंद्र सरकारने जानेवारी २०१९मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचं प्रमाण सलग काही वर्षं ठरलेल्या मर्यादेत न बसलेली शहरं त्यात घेतली गेली. महाराष्ट्रातल्या या यादीत मुंबई, पुणे, चंद्रपूर यांच्याबरोबर जालनाही आहे.

तिसरी गोष्ट ऊन आणि पाणी. मराठवाड्यात ऊन भरपूर, पाऊस बेभरवशाचा. कोळशावरच्या वीजनिर्मितीला पाणी खूप लागतं. शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३मध्ये आणि पुन्हा २०१५मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. सौर पॅनलला अधूनमधून धुण्यापुरतंच पाणी लागतं. म्हणजे दुष्काळी भागात सौरऊर्जा हा पर्यावरणाइतकाच पाण्याचाही विषय आहे.

आणि शेती. कृषिपंपाला पाळीपाळीने रात्री वीज मिळते तेव्हा शेतकऱ्याला अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत दारं धरायला जावं लागतं. म्हणूनच 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेला इथे मोठा प्रतिसाद मिळाला. २०२४ संपत असताना राज्यात बसवलेल्या सौर कृषिपंपांच्या संख्येत जालना जिल्हा सर्वांत पुढे होता.

एकत्र येऊन काम करणं जालन्याला नवीनही नाही. शहराला पाणी देणाऱ्या निजामकालीन घाणेवाडी तलावातला गाळ काढायला घाणेवाडी जलसंरक्षण मंचाच्या माध्यमातून नागरिक, उद्योजक आणि शेतकरी एकत्र आले होते. तिथे पैसा आणि श्रम लागले. धोरणाच्या बाबतीत आधी कागद आणि तारीख लागते, एवढाच फरक.

याने खरंच काही बदलतं का?

एक खरं उदाहरण बघू. त्यासाठी आधी नेट मीटरिंग समजून घ्यावं लागेल.

समजा, तुमच्या घरावर ३ किलोवॅटचं सोलर आहे. एक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर महिन्याला साधारण ३६० युनिट तयार होतात. दुपारी घरात फारसं कोणी नसतं, म्हणून बरीचशी वीज महावितरणच्या तारांवर जाते. रात्री पंखा, टीव्ही, फ्रिजसाठी आपण तारांवरून वीज घेतो. नेट मीटरिंगमध्ये दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा होतात. दिवसा १०० आणि रात्री २२० असे ३२० युनिट वापरले तर ३६० मधून ते भागतात आणि ४० युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात. बिलात मुख्यतः स्थिर आकार उरतो.

२०१९चा मसुदा. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने त्या वर्षी छतावरच्या सोलरसाठी नव्या नियमांचा मसुदा काढला. त्यात महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांपुरतंच नेट मीटरिंग ठेवायचा विचार होता. बाकीच्यांना नेट बिलिंग, म्हणजे तुमची वीज कमी दराने विकत घेणार आणि तुम्हाला लागणारी वीज नेहमीच्या दराने देणार. सोलर लावणाऱ्याचा सगळा हिशोबच यात कोलमडत होता.

सोलर ग्राहक, ग्राहक संघटना, सोलर बसवणारे व्यावसायिक अशा अनेकांनी हरकती नोंदवल्या. डिसेंबर २०१९च्या अखेरीस अंतिम नियम आले तेव्हा नेट मीटरिंगचा पर्याय कायम होता. सगळंच लोकांच्या मनासारखं झालं नाही. १० किलोवॅटवरच्या यंत्रणांवर पुढे कधीतरी ग्रिडचा आकार लावता येईल अशी तरतूद राहिली. पण मूळ घाव टळला.

२०२५चा दरप्रस्ताव. महावितरणच्या बहुवर्षीय दरप्रस्तावात दिवसाच्या वेळेनुसार वेगळे दर होते आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ५ हे 'सौर तास' धरले होते. सोलरवाल्यांना काळजी होती ती वजावटीची. दिवसा तयार झालेली वीज फक्त दिवसाच्याच वापरातून वजा करायची म्हटलं, तर वरच्या उदाहरणातल्या घराला रात्रीच्या २२० युनिटचं पूर्ण बिल येणार आणि दिवसाचे २६० युनिट नुसते शिल्लक पडणार. यावर भरपूर हरकती गेल्या. २८ मार्च २०२५च्या आदेशात आयोगाने घरगुती सोलर ग्राहकांना या वेळेच्या बंधनातून बाहेर ठेवलं.

गोष्ट इथे संपली नाही. महावितरणच्या विनंतीवरून त्या आदेशाला एप्रिलच्या सुरुवातीलाच स्थगिती मिळाली आणि २५ जूनला आयोगाने फेरविचाराचा नवा आदेश काढला. दर बदलणाऱ्या या फेरविचारात लोकांना पुन्हा म्हणणं मांडायची संधी का दिली नाही, असा आक्षेप घेतला गेला आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. जनसुनावणी हा उपचार नसतो, तो न्यायालयात लढवता येणारा हक्क असतो, हे यावरून लक्षात येईल.

आता दरवाजे एकेक करून बघू.

दरवाजा १ : वीज नियामक आयोग

आयोग म्हणजे महावितरण नव्हे. महावितरण वीज विकते. तिने किती दर घ्यायचा हे आयोग ठरवतो. आयोग १९९९ साली स्थापन झाला. विद्युत कायदा २००३च्या कलम ६४नुसार दराचा आदेश देण्याआधी आयोगाला जनतेच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्याच लागतात.

सुरुवातीच्या वर्षांतच याचा मोठा परिणाम दिसला. तेव्हाच्या वीज मंडळाच्या कागदांवर वीजगळती साधारण १५ ते १८ टक्के दिसायची. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्थांनी आकडेवारी मागितली, तपासली, प्रश्न विचारले. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर प्रत्यक्षापेक्षा जास्त वापर दाखवला जात होता आणि खरी गळती ३० टक्क्यांच्या वर होती, हे आयोगापुढच्या प्रक्रियेत समोर आलं. 'शेतकरी फुकट वीज खातो' या समजामागचा बराच भाग चोरी आणि गळतीचा होता, हे लोकांना तेव्हा कळलं.

मोबाईलवरून काय कराल?

१. गुगलवर मराठीत 'महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग' शोधा आणि अधिकृत संकेतस्थळ उघडा.

२. तिथे ई-पब्लिक कन्सल्टेशनचा विभाग आहे. सध्या कोणत्या मसुद्यावर किंवा दरप्रस्तावावर सूचना मागवल्या आहेत आणि शेवटची तारीख काय, हे तिथे दिसतं.

३. जाहीर सूचना पूर्ण वाचा. प्रकरण क्रमांक, शेवटची तारीख आणि सुनावणीची तारीख लिहून ठेवा. मुदत बहुतेक वेळा काही आठवड्यांचीच असते.

४. आपली हरकत टाइप करून, नाव-पत्त्यासह तिथे दाखल करा. सुनावणीत बोलायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा.

५. पोच किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवा.

पूर्वी सुनावणीसाठी विभागाच्या शहरापर्यंत जावं लागायचं. आता ई-जनसुनावणीत घरबसल्या बोलता येतं. बोलायला मोजकी मिनिटं मिळतात, म्हणून मुद्दे कागदावर उतरवून बसा.

एक लक्षात घ्या : तुमच्या एकट्याच्या बिलातली चूक, रोहित्र जळालं, सोलरचं मीटर बसवत नाहीत, असल्या तक्रारी इथे करायच्या नसतात. त्यासाठी आधी महावितरणचं ॲप किंवा कार्यालय, मग ग्राहक तक्रार निवारण मंच आणि शेवटी विद्युत लोकपाल अशी वाट आहे. आयोगाच्या सुनावणीत धोरणाचा मुद्दा मांडायचा असतो.

दरवाजा २ : ग्रामसभा

'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना' ऐकली असेल. शेतीला वीज देणाऱ्या फीडरसाठी उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतकऱ्यांना दिवसा वीज द्यायची, अशी ही योजना. २०१७ साली तिची सुरुवात अहिल्यानगर जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी इथल्या पथदर्शी प्रकल्पांनी झाली. २०२३मध्ये योजनेचा दुसरा टप्पा, म्हणजे २.० आला. त्यातला पहिला प्रकल्प जालन्याच्या शेजारी, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगाव इथे २०२४मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता ३ मेगावॅट आहे.

या योजनेत खासगी जमीन भाड्याने द्यायची असेल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद आहे. प्रकल्प ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतो, तिला तीन वर्षं दरसाल ५ लाख रुपयांचं अनुदानही आहे.

ऐकायला सगळं छान आहे. प्रश्न येतो जमिनीचा. प्रकल्पांसाठी सरकारी जमीन, त्यात गायरानही, वापरली जाते. गायरान कागदावर मोकळं दिसतं, पण तिथे कोणाची गुरं-शेळ्या चरतात, तर कोणी भूमिहीन कुटुंब दोन-तीन पिढ्यांपासून ती जमीन कसतं. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात गायरानाचा प्रश्न तेव्हापासून जिवंत आहे. म्हणून 'सोलर चांगलं की वाईट' असं विचारून भागत नाही. प्रकल्प कुठे, कोणाच्या वाट्याच्या जमिनीवर आणि त्या बदल्यात कोणाला काय, हे विचारायला हवं.

दुसरी अडचण अशी की फोटोव्होल्टाइक सौर प्रकल्पांना २००६च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली पूर्वपरवानगी लागत नाही. म्हणजे औष्णिक केंद्रासाठी होते तशी पर्यावरणीय जनसुनावणी सोलर पार्कसाठी होत नाही. मग गावाचं म्हणणं नोंदवायची जवळची जागा उरते ती ग्रामसभा.

महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. तुम्ही १८ पूर्ण केली असतील आणि यादीत नाव असेल तर तुम्हीसुद्धा. गणपूर्तीसाठी १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल ती लागते.

ग्रामसभेत हे मुद्दे मांडता येतात :

– प्रकल्पासाठी कोणता गट नंबर सुचवला आहे? तिथे आज काय चालतं?

– चराईसाठी आणि कसणाऱ्यांसाठी पर्याय काय?

– गावातल्या कोणत्या फीडरला दिवसा वीज मिळणार आणि किती पंपांना?

– अनुदानाचे ५ लाख कशावर खर्च होणार?

– शाळा, अंगणवाडी, पाणीपुरवठ्याची मोटर यांसाठी सोलरचा विचार आराखड्यात घेता येईल का?

बोलून मोकळं होऊ नका. आपला मुद्दा इतिवृत्तात लिहिला गेला का हे बघा आणि ठराव झाला तर त्याची प्रत मागा. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च मोबाईलवर बघायला ई-ग्रामस्वराज ॲप आहे. ग्रामसभेला जाण्याआधी त्यात पाच मिनिटं घालवली तर तुमच्या प्रश्नाला धार येते.

दरवाजा ३ : पर्यावरणीय जनसुनावणी आणि मसुद्यावरच्या हरकती

मोठा कारखाना, खाण, औष्णिक प्रकल्प अशा अनेक प्रकल्पांना पर्यावरण परवानगी लागते. १४ सप्टेंबर २००६च्या अधिसूचनेनुसार त्याआधी प्रकल्पाच्या जिल्ह्यात जनसुनावणी घ्यावी लागते. काही प्रकल्पांना सूट आहे. मंजूर औद्योगिक वसाहतीतले प्रकल्प हे त्याचं महत्त्वाचं उदाहरण, आणि जालन्यासारख्या ठिकाणी ते माहीत असायलाच हवं.

जनसुनावणीचे ठळक नियम असे :

– राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ती आयोजित करतं.

– किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, त्यात प्रादेशिक भाषेतल्या दैनिकातली जाहिरातही येते.

– अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करावा लागतो.

– जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो.

– सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण होतं आणि नोंदवलेले मुद्दे शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागतात.

ते वाचन चालू असताना उठून जाऊ नका. आपला मुद्दा गाळला असेल तर तिथल्या तिथे सांगायची ती वेळ असते. प्रत्यक्ष जाता आलं नाही तर लेखी हरकतही पाठवता येते. प्रकल्पांचे अर्ज आणि कागदपत्रं केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर बघायला मिळतात.

कायद्याच्या मसुद्यावर तरुण काय करू शकतात, याचं देशभरातलं उदाहरण २०२०चं आहे. कोरोनाच्या लॉकडाउनच्या सुमारास, मार्च २०२०मध्ये, याच अधिसूचनेचा नवा मसुदा आला. जनसुनावणीची मुदत त्यात कमी केली होती आणि आधी बांधकाम, मग परवानगी अशा प्रकल्पांना वाट दिली होती. मसुदा फक्त हिंदी आणि इंग्रजीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२०ला हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतरित करायला सांगितलं. मंत्रालय या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं.

दरम्यान कॉलेजच्या मुलामुलींनी स्थानिक भाषांत पोस्टर, व्हिडिओ, ईमेलचे नमुने तयार केले. काही युवा गटांच्या वेबसाइट त्या काळात बंद झाल्या होत्या, तरी लाखो ईमेल मंत्रालयात पोचले. तो मसुदा त्या स्वरूपात अंतिम झाला नाही. मात्र नंतर नियमांत छोटे छोटे बदल वेगवेगळ्या आदेशांतून होत राहिले. एकदा ईमेल पाठवला की काम संपलं, असं या क्षेत्रात होत नाही.

दरवाजा ४ : हवेची आकडेवारी आणि माहिती अधिकार

'हवा खराब आहे' हे सगळेच म्हणतात. 'अमुक दिवशी पीएम १०ची २४ तासांची सरासरी इतकी होती आणि मर्यादा १०० आहे', असं म्हटलं की अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. भारताच्या मानकांनुसार पीएम १०साठी २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची सरासरी ६० आहे. पीएम २.५साठी हेच आकडे ६० आणि ४० आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर शहरांचा हवा निर्देशांक दिसतो.

मग पुढचा प्रश्न येतो पैशाचा. स्वच्छ हवा कार्यक्रमात शहराचा कृती आराखडा असतो आणि तो राबवायची मुख्य जबाबदारी स्थानिक संस्थेवर असते. जालना नगरपरिषदेची २०२३मध्ये महानगरपालिका झाली, त्यामुळे विचारणा तिथेच करायची. माहिती अधिकार कायदा २००५ त्यासाठीच आहे.

– अर्जाला १० रुपये शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला ते माफ असतं.

– महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांत मजकूर, असा नियम आहे. थोडक्यात लिहा.

– ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. नाही मिळालं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करता येतं.

– राज्याचं ऑनलाइन आरटीआय पोर्टल आहे. हवं ते कार्यालय यादीत नसेल तर कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज पोस्टाने पाठवा.

काय मागायचं? मतं मागू नका, कागद मागा. 'प्रदूषण का कमी होत नाही?' या प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर नसतं. 'स्वच्छ हवा कार्यक्रमात २०२१ ते २०२४ या वर्षांत मिळालेला निधी आणि कामनिहाय खर्च यांच्या प्रती द्याव्यात' याला असतं.

एखाद्या ठिकाणच्या प्रदूषणाची थेट तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जालन्यातल्या उपप्रादेशिक कार्यालयात करता येते. तिथे दाद लागली नाही तर पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आहे. त्याचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

चांगली हरकत कशी लिहायची?

कायद्याची पदवी लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. एक पान पुरे. हा साचा वापरा :

"प्रति, सचिव, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. विषय : प्रकरण क्रमांक ____ मधील मुद्दा क्रमांक ____ वर हरकत. मी ____, राहणार ____, तालुका ____, जिल्हा जालना, महावितरणची घरगुती ग्राहक आहे. प्रस्तावातल्या पान ____ वरील तरतुदीमुळे माझ्या ____ किलोवॅटच्या सोलर यंत्रणेचा मासिक हिशोब पुढीलप्रमाणे बदलतो : ____. म्हणून ही तरतूद वगळावी, किंवा तिच्याऐवजी ____ असं करावं. मला सुनावणीत म्हणणं मांडायचं आहे."

यात चार गोष्टी आहेत : मी कोण, कोणत्या तरतुदीबद्दल बोलतोय, तिचा माझ्यावर नेमका काय परिणाम होतो आणि त्याऐवजी काय हवं. चौथी गोष्ट बहुतेक जण विसरतात. नुसता विरोध केला तर 'नोंद घेतली' एवढंच होतं. पर्याय दिला तर निदान त्यावर विचार करावा लागतो.

या चुका टाळा :

– व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर जसाच्या तसा पाठवणं. शंभर सारख्या पत्रांतून मुद्दा एकच मोजला जाण्याची शक्यता असते. स्वतःचं बिल, स्वतःचं शिवार, स्वतःचा आकडा घाला.

– शेवटच्या रात्री अपलोड करत बसणं. सर्व्हर त्याच रात्री रुसतो.

– शिवीगाळ किंवा पुराव्याशिवाय व्यक्तीवर आरोप. मुद्दा बाजूला पडतो आणि तुम्ही अडचणीत येता.

– अनोळखी लिंकवर बँकेचे तपशील देणं. सोलर अनुदानाच्या नावाने फसवणूक होऊ शकते, म्हणून फक्त अधिकृत पोर्टल किंवा ॲप वापरा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरावर सोलर लावायचं तर किती अनुदान मिळतं? फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार रुपये आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला एकूण ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान जाहीर झालं. अर्ज करताना पोर्टलवरचा ताजा आकडा बघून घ्या.

महावितरण 'तांत्रिक तपासणी बाकी आहे' म्हणून अर्ज अडवून ठेवू शकते का? फेब्रुवारी २०२४मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल झाला. त्यानुसार १० किलोवॅटपर्यंतच्या छतावरच्या सोलरचा अर्ज, तो सर्व बाबतींत पूर्ण असेल तर, अशा तपासणीशिवाय मंजूर धरायचा असतो.

सौर कृषिपंप बिघडला तर? 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा आहे. त्यामुळे दुरुस्तीसाठी पैसे मागितले तर आधी करार आणि बसवल्याची तारीख बघा, मग महावितरणकडे लेखी तक्रार करा.

मी १८ वर्षांचा नाही. मी काय करू? ग्रामसभेत मत नसलं तरी आयोगाची सूचना मराठीत समजावणं, आईच्या नावाच्या मीटरवरून तिची हरकत तिला विचारून टाइप करून देणं, हवेच्या आकड्यांची रोजची नोंद ठेवणं, हे सगळं तुम्ही करू शकता. घरातल्या मोठ्यांना जे वाचायला जमत नाही ते तुम्हाला जमतं, याचाच इथे उपयोग आहे.

एकट्याच्या हरकतीने काय फरक पडतो? एकट्याने आदेश बदलेल याची खात्री कोणी देणार नाही. पण हरकती ऐकून घेणं आयोगावर बंधनकारक आहे आणि आदेशात त्यांचा उल्लेख व उत्तर येतं. पुढे कोणी अपिलात गेलं तर 'हा मुद्दा त्या वेळी मांडला होता' हे सिद्ध करायला ती नोंद कामी येते. जालन्यातून कोणीच लिहिलं नाही तर जालन्याला काही अडचणच नाही, असा त्या कागदाचा अर्थ होतो.

आज करण्यासारखं एकच काम : मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी 'आयोगाची साइट बघणे' अशी आठवण लावा आणि पुढच्या ग्रामसभेची तारीख ग्रामसेवकांना विचारून तीही टाकून ठेवा.